न मागणाऱ्या बाईची प्रार्थना

पाणीपुरवठा कचेरीत फोनवर तक्रारी लिहून घेणाऱ्या बाईंना सगळे तक्रारबाईच म्हणत. अकरा वर्षं त्यांच्या कानावर दोनच दुःखं पडत होती: कुठेतरी पाइप फुटलाय, नाहीतर कुठेतरी तुंबलाय. दोन्हींवर त्यांचं उत्तर ठरलेलं. "नोंद केली आहे."

एकेचाळिसाव्या वर्षी बाईंना दिवस राहिले आणि कचेरीतल्या बाथरूमकडे त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. बाहेर आल्या की हात धुवायच्या आणि बेसिनपाशी उभं राहून ओठ हलवायच्या. शेजारच्या कारकुनाची खात्री होती, की बाई साहेबांना शिव्या घालतात. त्याला त्यांचा फार आदर वाटे.

बाई प्रार्थना करत होत्या. त्यांच्या ज्यू लोकांत लघवीला जाऊन आल्यावर म्हणायची एक प्रार्थना असते. देवानं माणूस मोठ्या अकलेनं घडवला, त्यात भोकं ठेवली, पोकळ्या ठेवल्या; त्यातलं एखादं नको तिथे फुटलं किंवा नको तेव्हा बुजलं, तर माणूस उभाही राहू शकणार नाही, असा तिचा मतलब. पाणीपुरवठ्यातल्या माणसाला ती पहिल्या फटक्यात पटते. पण बाईंना ती आवडायची ते वेगळ्या कारणासाठी. तिच्यात मागणं नव्हतं. आजचं काम झालं, आभारी आहे, संपलं.

सहा वर्षांपूर्वी बाईंनी सकाळ-संध्याकाळ देवाकडे मूल मागितलं होतं. दिवस राहिलेही, पण पाचव्या महिन्यात ते पोटातच गेलं. बाई देवावर रुसल्या नाहीत, शुक्रवारी संध्याकाळच्या शब्बाथच्या मेणबत्त्या चुकवल्या नाहीत. फक्त मागणं बंद केलं, आणि तसं कुणाला सांगितलंही नाही.

सासूबाईंच्या ते लक्षात आलंच. त्या स्तोत्रांचं पुस्तक घेऊन सुनेच्या मागे मागे फिरत.

"अगं, दिवसातून चौदा वेळा लघवीचे आभार मानतेस. एकदा बाळ माग की!"

"मागून बघितलं होतं, आई."

सासूबाई पुढचं स्तोत्र दुप्पट मोठ्यानं वाचू लागल्या, म्हणजे सुनेची कसर त्यातच भरून निघावी.

नवऱ्यावर वेगळी कामगिरी होती. नववा लागला की होणाऱ्या बापानं सिनेगॉगमधलं धर्मग्रंथाच्या पवित्र गुंडाळ्यांचं कपाट उघडायचं, म्हणजे बायकोचीही वाट सुखरूप मोकळी होते, असं मानतात. नवरा भूगोलाचा मास्तर. पहिल्या दिवशी त्यानं दार अशा जोरात ओढलं, की पुढच्या रांगेतले दोन म्हातारे दचकून उठले.

"हळू उघडा हो," बाई घरी म्हणाल्या, "मला घाई नाही."

मंगळवारी सकाळी दहाला मुलगी झाली. तीन तासांत सुटका. सासूबाईंनी सगळं श्रेय कपाटाला दिलं. डॉक्टरीणबाईंच्या वाट्याला काहीच आलं नाही.

बुधवारी सकाळी नऊला नर्सनं लंगोट पाहिला आणि पुन्हा पाहिला. कोरडा. मुलगी दूध ओढत होती, आवाज तर भोंग्यासारखा. पण जन्मल्यापासून तिनं शू केली नव्हती.

"चोवीस तास होत आलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बारापर्यंत बघू. नाहीतर मोठ्या हॉस्पिटलात नेऊन तपासू."

नवरा स्तोत्रांचं पुस्तक घेऊन बाहेरच्या बाकावर बसला. बाई बाथरूमला जाऊन आल्या, हात धुतले आणि सवयीनं प्रार्थना सुरू केली. 'बुजलं तर' इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. हे वाक्य त्यांनी हजारदा म्हटलं होतं, पण आजवर ते त्यांच्या स्वतःच्या शरीराबद्दल होतं. पुढचे शब्द पाठ होते, तरी ते तोंडातून निघेनात.

बेसिनची कड धरून त्या हळूच बोलू लागल्या. हिब्रूत नाही, फोनवर लोक बोलायचे तसं.

"हे बघा, मी पूर्वी एकदा सांगितलं होतं. तेव्हा काही झालं नाही. ते मी उकरून काढत नाही. पण हे लहान बाळ आहे हो. कुणीतरी येऊन बघा ना तेवढं."

पलीकडून 'नोंद केली आहे' एवढंसुद्धा आलं नाही. बाईंनी डोळे पुसले आणि जाऊन मुलीला पाजलं.

अकराच्या पुढे सासूबाईंनी नातीला ढेकर काढायला उचललं.

"अगं बाई! भिजवलं गं मला! कोपरापर्यंत भिजवलं!"

या कुटुंबात इतक्या आनंदानं आजवर कुणी ओरडलं नव्हतं. नर्स वही घेऊन धावली. "किती वाजता झाली?"

"घड्याळातच गेलीय," सासूबाईंनी मनगट पुढे केलं. "तूच बघ."

नर्स गेल्यावर त्या सुनेच्या कानाशी आल्या. "खरं सांग. मागितलंस ना?"

"हो."

"काय मागितलंस?"

"शू."

सासूबाई हसता हसता खुर्चीत बसल्या आणि तिथेच रडल्या.

एकदा मागायला लागल्यावर मात्र बाईंना थांबता येईना. दुपारभर पडल्या पडल्या त्यांचं चालू होतं: दूध पुरू दे, मुलीला ताप येऊ नये, नाक बापावर जाऊ नये. मग सहा वर्षांपूर्वीच्या त्या बाळासाठी आता काय मागता येतं, हे त्यांना कळेना. त्यांनी कूस बदलली आणि देवाला सासूबाईंच्या दुखऱ्या कंबरेचं सांगायला घेतलं.