दोरीवरची जांभळी साडी

डोंबिवलीच्या खाडीत आत शिरलेल्या भरावावर आता एक अवाढव्य होडी उभी आहे. लोखंड-सिमेंटची. पर्यटक यावेत म्हणून बांधलेलं शिल्प ते. पोटातल्या जिन्याने वर चढायचं, टोकावर उभं राहून फोटो काढायचे. पाण्याशी तिचा काही संबंध नाही, आणि रंग असा भडक की बाबांनी बघितला असता तर तोंडच फिरवलं असतं. मलाही ती पहिल्यापासून खटकली. तरी बाबा गेल्यापासून माझ्याकडे कळव्याला राहणाऱ्या आईला तिथे मीच घेऊन गेले.

बाबांची होडी लहानशी होती. नारळी पौर्णिमेला आई तिला हळदकुंकू लावायची, पण तिच्यात पाय कधी ठेवला नाही. आमच्या घरात बायका होडीत चढत नसत. लहानपणी मी त्यावरून थयथयाट केला होता. बाबा हसले, पण घेतलं नाहीच.

आईचं काम काठावरचं. बाबा मासेमारीला निघाले की ती आपली जांभळी साडी धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकायची आणि होडी परत येईपर्यंत काढायची नाही. वाळून कडकडीत झाली तरी नाही. शेजारणी चिडवायच्या, "साडी वाळत घातलीस का झेंडा लावलास गं?"

बाबा म्हणायचे, "पार खाडीतनं दिसते तुझी साडी. ती दिसली का घर आलं."

"एवढ्या लांबून काय दिसतंय! मला बरं वाटावं म्हणून थापा मारतो," आई मान उडवायची. हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. पुढे खाडीत मासळी उरली नाही, होडी चिखलात कुजली, घरही गेलं. आमच्या अंगणाच्या जागी आता रिक्षा उभ्या असतात.

त्या दिवशी शिल्पाखाली पोचल्यावर मी म्हटलं, "चल वर. ही काय खरी होडी नाही."

"होडी ती होडी. मी नाय चढायची. तू जा, तुझं राहून गेलंय ना?" मग म्हणाली, "मी आपल्या अंगणाजवळ जाऊन उभी राहते. वरनं बघ, दिसते का."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, ती जांभळी साडी नेसून आली होती.

बाबा होडीत चढताना चपला काढायचे, म्हणून मीही काढल्या. वर सगळे पाण्याकडे बघत होते, मी एकटी पाठमोरी. टॉवर, पत्रे, रिक्षा. आई कुठेच दिसेना. नाही दिसलीस, हे तिला सांगायचं कसं? आणि खोटं बोलले तर ती लगेच ओळखणार.

एवढ्यात रिक्षांच्या मधून काहीतरी हललं. आईने पदर सोडला होता आणि ओली साडी झटकतात तसा दोन्ही हातांनी झटकत होती. जांभळा रंग, अगदी स्पष्ट. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत मी ढसाढसा रडले.

खाली उतरून तिच्यापाशी गेले. "दिसलीस," एवढंच म्हटलं. तिने माझे डोळे नीट निरखून बघितले. मग पदर कमरेला खोचला, खाडीकडे वळली आणि म्हणाली, "आणि मी त्याला जन्मभर थापाड्या म्हणत आले गं."