ऑडिटच्या फाइलीत निघालेलं भूत

आमच्या वर्कशॉपमध्ये आजवर एकही माणूस मेलेला नाही, हे मला एकदा लेखी द्यावं लागलं.

वर्कशॉप तळवड्यात आहे, माझ्या सासऱ्यांचं. अण्णा लातूरकडून आले, वीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रेस मशीनवर राबले आणि मग स्वतःची शेड टाकली. तिथे आम्ही गाड्यांचे ब्रॅकेट बनवतो. (म्हणजे बारा कामगार बनवतात. मी जावई आहे.) माझी बायको मंजिरी ऑफिस आणि फायली सांभाळते, आणि माझ्या टेबलावर ‘क्वालिटी’ अशी पाटी आहे.

माझा खरा जीव मात्र कादंबऱ्यांत. चिंचवडच्या एका मासिकात मी नव्या भयकथा, विज्ञानकथा आणि अद्भुत कादंबऱ्यांची परीक्षणं लिहितो. उभा जन्म क्वालिटीत गेल्यामुळे मला रकान्यांशिवाय लिहिताच येत नाही! जेवणाच्या सुट्टीत कंपनीचाच कोरा तक्रार-फॉर्म घ्यायचा आणि भरायचा. दोष काय, मूळ कारण काय, उपाय काय. खाली सही. झालं परीक्षण! संपादक म्हणायचे, "तुमची शैली फार कोरडी आहे हो." मला ते कौतुक वाटायचं.

गेल्या वर्षी चाकणच्या एका मोठ्या कंपनीने अण्णांना ऑर्डर द्यायचं कबूल केलं. अट एकच, त्यांचं ऑडिट पास व्हायला हवं. नापास झालो असतो तर दोन मशीन बंद करून चार-पाच जणांना घरी बसवायची वेळ होती. अण्णांना आठवडाभर धड जेवण गेलं नव्हतं. ऑडिटच्या सकाळी त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं.

"हे बगा, मॅडमना काय बी विचारू द्या, ‘माहीत न्हाई’ म्हणायचं न्हाई. ‘झालं मॅडम, ॲक्शन घेतली, क्लोज केलं.’ बस! आणि जावईबापू, तुमी तर तोंडच उघडू नका."

(आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक छोट्या शेडमध्ये ऑडिटच्या दिवशी हाच मंत्र चालतो. आधी ‘क्लोज केलं’ म्हणायचं, काय क्लोज केलं ते नंतर बघायचं.)

दहा वाजता कुलकर्णी मॅडम आल्या आणि आल्या आल्या चहाला नको म्हणाल्या! अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. चहा नाकारणारा ऑडिटर म्हणजे काय संकट असतं, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

मॅडमनी तक्रारींची फाइल उघडली. दोन कागद उलटले, तिसऱ्यावर थांबल्या. मी मान लांब करून पाहिलं. अक्षर माझं होतं! फॉर्म कंपनीचा, सही माझी, मजकूर एका विज्ञान कादंबरीचा!

मी मंजिरीच्या कानाला लागलो. "अगं, ही माझी परीक्षणं आहेत!"

"मला काय स्वप्न पडलंय?" ती दातओठ खात पुटपुटली. "टेबलावर सही केलेले फॉर्म होते, काल घाईघाईत लावून टाकले. वाचत कोण बसतंय!"

मॅडम वाचू लागल्या. "‘मशीन क्रमांक चारला कामगारांच्या मनातलं ऐकू येतं. मूळ कारण दिलेलं नाही.’ हे काय आहे?"

अण्णांनी पापणीही हलवली नाही. "झालं मॅडम. कॅलिब्रेशन करून घेतलं."

"आता ऐकू येत नाही?"

"अजाबात न्हाई!"

मी तोंड उघडलं. टेबलाखालून अण्णांचा सेफ्टी शू माझ्या पायावर आला. (त्या बुटाच्या पुढच्या भागात लोखंड असतं. मी साधी चप्पल घालून होतो, हा वेगळा दोष.)

पुढचं पान. "‘गोदामात तीन डोक्यांचा नाग. लेखी पुरावा अपुरा.’"

"पेस्ट कंट्रोल झालंय मॅडम. बिल हाय."

"तिन्ही डोक्यांचं?"

"एकच बिल केलं," अण्णा म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घामाची धार लागली होती.

मॅडमचा चेहरा तसाच, दगडी. त्यांनी पुढचा कागद वर काढला. ती ‘चौथी शिफ्ट’ नावाची भयकादंबरी होती, आणि ती घडते एका प्रेस शॉपमध्ये!

"‘चौथी शिफ्ट,’" मॅडम सावकाश वाचू लागल्या. "‘प्रेसखाली मेलेला ऑपरेटर पुढे कामावर हजर आणि चहा पिताना दिसतो. गंभीर दोष. मूळ कारण : निष्काळजीपणा.’ माणूस मेला इथे?"

बिचाऱ्या अण्णांच्या तोंडून सवयीने बाहेर पडलं, "व्हय मॅडम. क्लोज केलं त्याला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि पर्समधून मोबाइल काढला. मंजिरीने डोळे मिटून घेतले. मग मात्र मी बूट, सासरा, सगळं झुगारून ओरडलो, "मॅडम, ती पुस्तकं आहेत! कुणी मेलेलं नाही! मी परीक्षणं लिहितो!" आणि बॅगेतून ‘चौथी शिफ्ट’ काढून त्यांच्यापुढे आपटली.

"माहितीये," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मी वाचलीये ती. तरी लेखी द्या, कुणी मेलं नाही म्हणून. तुमच्या सासऱ्यांनी आत्ता कबुली दिलीये."

मी तिथल्या तिथे लिहून दिलं.

"शेवटचं प्रकरण वाचलंत?"

"मॅडम... अंक छापायला जायचा होता, जरा घाई..."

"चहा पिणारा मेलेला नव्हताच. जुळा भाऊ होता तो. पुस्तक अर्धं वाचायचं तुम्ही, आणि निष्काळजीपणा म्हणे लेखकाचा!" मग त्या अण्णांकडे वळल्या आणि आवाज बदलला. "आणि तुम्ही न झालेल्या मृत्यूवरसुद्धा ॲक्शन घेता. मग तुमच्या ब्रॅकेटवर मी विश्वास कसा ठेवायचा? तेही हेच साहेब तपासतात ना?"

अण्णा उभे राहिले. हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या! मलाच शरमेने मान वर करवेना. त्या अख्ख्या ऑडिटमधलं पहिलं खरं उत्तर त्या माणसाने तेव्हा दिलं.

"न्हाई मॅडम. देवाशपथ सांगतो. आमच्या सुनीताबाई तपासतात, सही बी त्यांचीच. जावयाला मी आजपर्यंत एका बी ब्रॅकेटला हात लावू दिलेला न्हाई. पाटी निस्ती लेकीच्या समाधानासाठी हाय."

मॅडम उठल्या. सुनीताबाईंकडे गेल्या, स्वतः पन्नास ब्रॅकेट मोजमाप करून पाहिले, रजिस्टरवरच्या सह्या पाहिल्या. तासभर हे चाललं. एकही ब्रॅकेट सदोष निघाला नाही.

संध्याकाळी मेलवर रिपोर्ट आला. खोट्या उत्तरांबद्दल एक ताशेरा होता, पण ऑर्डर मिळाली. अण्णा रडले, कामगारांनी पेढे वाटले, मंजिरीने मला तीन दिवसांनी माफ केलं. रिपोर्टच्या शेवटी ‘इतरांनी घ्याव्यात अशा उत्तम पद्धती’ असा एक रकाना असतो. आमच्यासारख्या शेडचा तो सहसा कोराच राहतो. त्यात मॅडमनी एकच ओळ लिहिली होती : ‘जावयांना उत्पादनापासून यशस्वीरीत्या लांब ठेवण्यात आले आहे.’