पलीकडची वाळू

आईला काशीतच मरायचं होतं. लग्न होऊन संकठा घाटावरच्या घरात आली तेव्हापासून गंगेपलीकडे तिने एक रात्र काढली नव्हती. तिकडे मरण आलं तर मोक्ष नाही, गाढवाचा जन्म, असं ती हसत सांगायची, पण मानायचीही.

साखर आणि किडनीने ती आधीच खंगलेली. त्यात धाप लागली, शुद्ध गेली, आणि गंगेच्या अलीकडे कुठेच आयसीयूत खाट मिळेना. मिळाली ती पलीकडे. मी तिला पूल ओलांडून नेलं. मोक्षाची चर्चा करायला सवड कुणाला होती?

ती जगली. "माताजी बच गईं," डॉक्टर म्हणाले, आणि मी मूर्खासारखे पेढे वाटले.

घरी आणल्यावर कळलं, शरीर तेवढं परत आलंय. उठवत नाही, काल-आज समजत नाही. रोज रडते, "मला घरी ने रे, इथे मरायचं नाही मला."

"आई, घरीच आहोत आपण," म्हणत मी तिला खिडकीशी बसवतो, गंगा दाखवतो. आमच्या खिडकीतून नदीपल्याडचा ओसाड काठच दिसतो.

ती बघत राहते. मग म्हणते, "ही तर पलीकडची वाळू. खोटं कशाला बोलतोस?"