मी शिकवलेली उत्तरं

कासारसाईत मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होते, त्यांचा मुलगा मोटारी भरायचा. जळालेल्या पाण्याच्या मोटारीतली काळी पडलेली तार काढायची आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे, हे त्याचं काम. घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो दिवसभर एकटा बसे. मला हिंजवडीत नोकरी लागून चार महिने झाले होते. एका संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमचा पंखा तीन दिवस रडतोय. मला शेडमधनं ऐकू येतंय. दुरुस्त करू?"

पंखा दुरुस्त करून जाताना तो म्हणाला, "मला ऑटिझम हाय. लई आवाज झाला की मी निघून जातो. तुमच्यावर राग नसतो."

इतकं सरळ माझ्याशी तोवर कुणी बोललं नव्हतं.

वर्षभरानं त्यानंच विषय काढला. "तू बसमधनं उतरलीस की मला बरं वाटतं. उशीर झाला की माझे वेढे चुकतात. लग्न करू या का?" मी हसत हसतच हो म्हटलं.

माझे वडील सोलापूरकडे बाजार समितीत तोलाईचं, म्हणजे काट्यावर माल तोलायचं काम करतात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यासाठी त्यांनी काय काय सोसलं ते मी पाहिलंय, आणि ते उपकार मी कधी विसरणार नाही. त्यांना खाली बघायला लागेल असं काही करायचं नाही, हे मी दहावीतच ठरवलं होतं. त्यामुळे मुलाबद्दल घरी कळवल्यावर "घर बघायला येतो" असा त्यांचा फोन आला तेव्हा मी ऑटिझमचं नावही काढलं नाही. लग्नानंतर सांगू, असं मनाशी म्हटलं आणि त्याला शिकवायला बसले.

दोन आठवडे, ऑफिसमधून आल्यावर, गच्चीवर. वडील काय विचारतील आणि त्यानं काय सांगायचं, सगळं कागदावर लिहून दिलं. डोळ्यांत बघता येत नसेल तर भुवयांच्या मधे बघ. पाया पड. पाठीवर थाप बसली तर अंग चोरू नकोस, हस. हसूसुद्धा मी करून दाखवलं.

"तुझ्या बानं मला इचारलं तर काय सांगू?" त्याच्या आईनं विचारलं.

"काही नका सांगू, काकू."

वडील आणि चुलते आले. त्यानं एकही उत्तर चुकवलं नाही. चुलते म्हणाले, "आपल्या पोरीपेक्षा हेच जास्त लाजतंय की!" सगळे हसले, तोही हसला, अगदी मी शिकवलं होतं तितकंच. वडिलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "जावईबापू कमी बोलतात, पण मुद्द्याचं बोलतात."

त्यांची गाडी वळणाआड गेली आणि तो शेडमध्ये शिरला. मी गेले तेव्हा तो जमिनीवर कान दाबून बसला होता, पुढे-मागे झुलत होता. तोंडातून एक बारीक आवाज येत होता, थांबत नव्हता. मी हात पुढे केला तसा तो भिंतीला सरकला.

मागून त्याची आई म्हणाली, "शाळंत बी त्याचं असंच व्हायचं. म्हणून आमी त्याची शाळा सोडवली. तू तर शिकलेली हायेस ना गं?"

तिसऱ्या दिवशी तो बोलला. "असं किती दिस वागायचं?"

"फक्त आमच्या घरच्यांसमोर."

तो बोटांवर मोजायला लागला. "साखरपुडा. हळद. लग्न. पयली दिवाळी. तुझ्या भावाचं लग्न. बारशी." मग म्हणाला, "तुझ्या बाला आवडला त्यो कोण हाय? मी त्याला वळखत न्हाई. त्याच्याशी तू लगीन कर."

मी खोली सोडली, लवळ्याला राहायला गेले. घरी सांगितलं, जमलं नाही. ऑफिसमध्ये कुणी उगाच हसलं की अजून मला ते शिकवलेलं हसू दिसतं, आणि पुढचं वाक्य मला ऐकू येत नाही.

दिवाळीत वडिलांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "त्याला म्हणायचं होतंस, हायेस तसाच बस. मी काय त्याला काट्यावर घालणार होतो?" तेव्हा खरंच हो म्हणाले असते का, मला माहीत नाही. पण सुट्टी टाकून मी थेट कासारसाईला गेले. तो शेडमध्ये तार गुंडाळत होता. वडिलांचं बोलणं मी त्याला शब्द न् शब्द सांगितलं.

हातातला वेढा पुरा करून तो म्हणाला, "त्यांना चाललं असतं, व्हय. तुला चालत नव्हतं."

त्याच्याशी मला खोटं बोलता आलं नाही, आणि खरं ते तोच बोलून गेला होता. तो पुढचा वेढा घालायला लागला. मी बाहेर आले.