बाळारामच्या टाचेखालचा मोजा

पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरात होतं. मी हवालदार, सेक्शन कमांडर, हाताखाली नऊ जवान. पाचला उठणं, सहाला फॉल-इन, साडेसहाला सिक रिपोर्ट. ज्याला दुखतंखुपतं त्यानं छोटा पिट्ठू, म्हणजे पाठीवरची पिशवी, भरून सगळ्यांच्या देखत वेगळं उभं राहायचं. तिथं उभा राहिला तो कामचोर, हे आम्हीच ठरवून टाकलेलं. माझ्या सेक्शनमधून महिनाभर कुणी तिथं उभं राहिलं नव्हतं आणि मी त्याचा तोरा मिरवत होतो. मूर्ख होतो, दुसरं काय!

लान्स नायक बाळाराम म्हात्रे बदलापूरजवळच्या गावचा. मी अंबरनाथचा, म्हणून माझ्याशी मोकळं बोलायचा. ट्रेनिंगमध्ये त्याचा उजवा घोटा दोन-तीनदा मुरगळला होता. एका सकाळी म्हणाला, "उस्ताद, चढ लागला की घोट्यात पुढच्या बाजूला काहीतरी अडकतं. उकिडवं तर बसवतच नाही."

"बूट घट्ट बांध."

"बांधला की जास्त दुखतं."

"मग काय, सिक रिपोर्टला उभा राहतोस?"

त्यानं वाकून बुटाची नाडी आवळली. मला तेच हवं होतं.

दोन दिवसांनी किट इन्स्पेक्शन. त्याच्या उजव्या बुटात टाचेखाली घडी घातलेला मोजा सापडला.

"टाच उंच राहिली की बरं वाटतं, उस्ताद."

"हिरो आहेस काय रे? उंची वाढवतोस?" मी मोजा काढून फेकला. सगळे हसले. तोही हसला.

दुसऱ्या दिवशी आठला आमचं गस्तीचं पेट्रोल निघालं. दहा चाळीसला खोल नाल्याच्या कडेची शेवटची चढण लागली. बाळारामचा घोटा पुढे वाकत नव्हता, म्हणून तो उजवं पाऊल आडवं टाकत होता. मी मागून बघत होतो. मला ते लंगडं चालणं खपेना.

"म्हात्रे, सीधा चल!"

ऑर्डर ती ऑर्डर. त्यानं पाऊल सरळ टाकलं. घोटा दबला तसा कळवळून त्यानं पाय झटकन उचलला, तोल गेला आणि तो नाल्यात कोसळला.

रेडिओवर मी म्हणालो, "वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कंडिशन? ओव्हर."

खाली उतरायला वीस मिनिटं लागली. मग कळवलं, "नो मोर. ओव्हर."

रिपोर्टमध्ये लिहिलं, 'पाय घसरला.' खाली सही माझी.

आता मी अंबरनाथ एमआयडीसीत एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. दिवसातून चारदा जिने चढतो. गेल्या वर्षी माझाच डावा घोटा पुढून अडकायला लागला. बाम चोळला, पट्टा आवळला, कुणाला सांगितलं नाही. खोड जाते कुठे! शेवटी उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या हाडांच्या डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी पाऊल वर वाकवून पुढून अंगठा दाबला, तसा मी ओरडलोच. एक्स-रे झाला, एमआरआय झाला.

"काका, ये इम्पिंजमेंट है. जुन्या मुरगळण्यांमुळे सांध्याच्या पुढच्या कडेला हाड वाढलंय. पाऊल वर वाकलं की मधला सुजलेला भाग चिमटतो."

"इलाज?"

"आधी आराम, सुजेची गोळी, फिजिओ. नाही थांबलं तर इंजेक्शन. तरीही नाही, तर दुर्बिणीनं ते हाड घासून काढू. बरं होतं, काका. आणि हे पॅड बुटात टाचेखाली घाला. टाच उंच राहिली की चिमटा कमी बसतो."

पॅड हातात घेतलं. घडी घातलेल्या मोज्याएवढंच जाड होतं.

"क्या हुआ, काका?"

"काही नाही."

बाळारामच्या श्राद्धाला मी दरवर्षी त्याच्या आईकडे जातो. दरवर्षी ती विचारते, "डोंगरात वाढलेला पोरगा, घसरला कसा?" दरवर्षी मी म्हणतो, "नशीब, मावशी." यंदा सगळं सांगितलं. मोजा, हसणं, ऑर्डर, माझा घोटाही.

तिनं माझ्या पायाकडे बघितलं.

"तुमचा फार दुखतो?"

"चढताना फार."

"माझा बाळा तर तसल्या पायानं चढतच होता," ती म्हणाली आणि आत निघून गेली. परत बाहेर आली नाही.

भिंतीवर त्याचा फोटो आहे. खाली माझेच शब्द रंगवलेत, 'कर्तव्यावर असताना पाय घसरून.' मी सावधान उभा राहिलो, सॅल्यूट केला.

लान्स नायक बाळाराम म्हात्रे, वय सव्वीस. त्याचा पाय घसरला नव्हता.