अण्णांच्या हाताचा माउस

नव्वदीनंतरच्या वर्षांत बाहेरचा माल बाजारात आला आणि कारखान्यांतली माणसं घरी बसली. आमच्या अण्णांनाही, म्हणजे वडिलांना, कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कारखान्याची होती. काचीगुड्याच्या घरात खिडकीशी खुर्ची टाकून ते दिवस दिवस बसू लागले. मुळात मितभाषी, त्यात काम गेलेलं. आई म्हणायची, "अहो, निदान माझ्याशी भांडा तरी." तेही त्यांना जमेना.

मग माझ्या कॉलेजच्या अभ्यासासाठी काँप्युटर आला आणि त्यावर अभ्यास सोडून सगळं झालं. मैत्रिणीने रणगाड्यांच्या एका खेळाची सीडी दिली होती. मी खेळत असताना अण्णा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सरक की जरा." बसले ते बसलेच. शत्रूचा रणगाडा उडाला की "हौ! गेला!" असे ओरडायचे. हा आवाज आम्हाला नवीन होता. आईने देवापुढे साखर ठेवली. मला काँप्युटर मिळेनासा झाला, तरी मी चकार शब्द काढला नाही. माझ्या स्वभावाला हे अजिबात शोभणारं नव्हतं.

अडचण माउसची होती. अण्णांच्या उजव्या हाताची तर्जनी जवळजवळ मुळाशीच संपते, आणि माउसचं डावं बटण नेमकं तिथे. मधल्या बोटाने दाबायला जावं तर तो निमुळता माउस हातातून सटकायचा, तोवर यांचाच रणगाडा जळत असायचा. रोज हरून ते कंटाळले. एका संध्याकाळी बघते तर खुर्ची पुन्हा खिडकीशी. खेळ सुटला तर हा माणूस पुन्हा गप्प होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"हिमायतनगरच्या एका दुकानात गेमिंगचे माउस मिळतात. चला, हातात धरूनच बघा," मी म्हटलं.

"नक्को. तूच आण."

तो हात ते चारचौघांत खिशाबाहेर काढत नसत. बोट कसं गेलं हे घरात कुणी विचारायचं नाही, असा आईचा दंडक होता.

पण अण्णा जन्मभर कारखान्यात लाकडी नमुने घडवत आले होते, ज्यांवरून ओतकामाचे साचे व्हायचे. मापाशिवाय वस्तू मागवणं त्यांच्या तत्त्वात बसेना. ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि पोळ्यांच्या कणकेचा गोळा घेऊन, माउस धरावा तसा त्यावर हात दाबला. म्हणाले, "हे घे. अस्साच आकार पाहिजे." मी तो ऐवज डब्यात घालून बसने निघाले.

दुकानात डबा उघडला तर कणीक ऐसपैस पसरलेली, बोटांच्या खुणा पार बुजलेल्या.

"क्या है बहन ये? हमारे लिए खाना लाए क्या?" दुकानदाराने विचारलं. मी सगळं सांगितलं. तो हसला नाही, म्हणून वाचला. "अब्बा को लेके आओ," एवढंच म्हणाला.

घरी येऊन मी डबा अण्णांसमोर आपटला. "तुमचा नमुना पसरला. मी काही परत जाणार नाही. खेळायचं असेल तर हात घेऊन चला, नाहीतर बसा खिडकीत!" बोलून गेले आणि जीभ चावली. अण्णांनी डब्यात डोकावून पाहिलं. इतके नमुने केलेल्या माणसाला कणीक ढासळणार हे सुचलं नव्हतं! ते खो खो हसले आणि चपला शोधू लागले.

दुकानदाराने काउंटरवर माउस मांडले. अण्णांचा हात खिशातच. मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी हात काढून काउंटरवर ठेवला.

"ये कैसा हुआ, चचा?" सर्दी कशी झाली विचारावं, तसं दुकानदाराने विचारलं.

घरात कुणी कधी न विचारलेला प्रश्न होता तो. पण अण्णा सांगू लागले, आणि सांगता सांगता एकेक माउस चाचपू लागले. लाकूड कापायच्या करवतीवर काम चाललं होतं. शेजारच्याला ते एक विनोद सांगत होते. "बातां बहुत करता था मैं," अण्णा म्हणाले. रंगात येऊन मान वळवली आणि बोट गेलं. तेव्हापासून बोलणंच कमी केलं.

ज्वाळांचं चित्र असलेला एक भपकेबाज खोका मी पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. घेतला तो चपटा, रुंद, जरा जड माउस. मधलं बोट डाव्या बटणावर, अनामिका उजव्या बटणावर, आणि करंगळीला टेकायला जागा. अण्णांनी तो काउंटरवर गोल गोल फिरवला आणि मान डोलावली. आमचे अण्णा एके काळी बडबडे होते, हे मला एका परक्या दुकानदारामुळे कळलं होतं. त्या माणसाचा मला भारी हेवा वाटला.

बसमध्ये खोका त्यांच्या मांडीवर होता. मी धीर करून विचारलं, "अण्णा, तो विनोद कोणता होता?"

"तो पुरा कुठे झाला होता?" ते म्हणाले.

मग त्यांनी तो पहिल्यापासून सांगितला, शेवटपर्यंत. विनोद अगदीच सुमार होता. काचीगुडा आलं तरी आम्ही दोघं हसत होतो.