शंकरच्या मगातला माझा पेग

एकाहत्तरची लढाई संपली आणि आमची कंपनी दिंडोशीच्या टेकडीखाली एका डेपोच्या पहाऱ्यावर आली. मी नाईक बस्त्याव, अंबोली गावठाणातला. घर इतकं जवळ की वारा असला की आमच्या चर्चची घंटा ऐकू येतेय असं वाटायचं. येत नसणारच. ते दिवसच मला अर्धवट झोपेतले वाटतात. पीटी, परेड, पहारा आणि मधे लांबच लांब दुपार. गवत कमरेएवढं. मागे पाण्यानं भरलेली जुनी दगडाची खाण, हिरवीगार, पाणी हलायचंसुद्धा नाही.

माझा बडी नाईक शंकर, मुलुंडचा. बडी म्हणजे लढाईत ज्याचा जीव तुमच्या हाती आणि तुमचा त्याच्या हाती, तो.

बुधवारी आणि रविवारी रम मिळायची. नियम कडक. माणशी एक पेग, हवालदारासमोर प्यायचा, मग रजिस्टरवर सही. मी पीत नव्हतो. बापानं दारूपायी घराची वाट लावली होती, आईला शब्द दिला होता. पण पेग नाकारायची आमच्यात रीत नव्हती. न पिणारा आपला मग बडीच्या मगात ओतायचा आणि सही ठोकायचा. हवालदार तेवढ्यापुरता आभाळाकडे बघायचा.

"काय रे, किरिस्तांव असून कोरडा?" पोरं हसायची.

"जळू नका रे," शंकर म्हणायचा. "असा दोस्त मिळायला नशीब लागतं."

वर्षभरात सकाळी त्याचे हात थरथरायला लागले. आणखी दोघांचे पेगही त्याच्याकडेच जायचे. मला दिसत होतं. खोटं कशाला बोलू?

एका सोमवारी हेडक्वार्टरचे मेजरसाहेब आले. दारू, मारामाऱ्या, जवानांच्या वाईट सवयी, यांना आम्ही कितपत आळा घालतो ते तपासायला. रजिस्टर पाहिलं. एक सही चुकलेली नाही, एक पेग जास्त नाही. खूश झाले. मग मला बाजूला घेतलं.

"नाईक, कोई ज्यादा पीता है?"

शंकरची हवालदारकी तोंडावर आली होती.

"सब ठीक है, सर."

पुढच्या रविवारी बडा खाना होता, सगळ्या कंपनीची एकत्र मेजवानी. १३०० वाजता मी माझा पेग त्याच्या मगात ओतला. अजून दुपारी डोळा लागला की ते दिसतं. उन्हात तांबूस झालेली रम, आणि डोळे मिटून हसणारा शंकर. १४१० वाजता तो खाणीत उतरला.

"बस्त्या, ये ना! पाणी झकास आहे!"

चार हात मारले आणि दिसेनासा झाला. मी बुटांसकट उडी टाकली. खाली नुसतं हिरवं, आणि काय ती शांतता! आई गं, हाताला काहीच लागेना.

पहाऱ्यावरच्या सेंट्रीनं फील्ड टेलिफोन फिरवला.

"गार्डरूम, एक जवान पाण्यात. दोर पाठवा, डॉक्टर पाठवा."

"नाव?"

"नाईक शंकर."

१५०५ वाजता मिळाला.

चौकशीला तेच मेजरसाहेब होते. पुढ्यात तेच रजिस्टर. नाईक शंकर, एक पेग. मी उभा राहिलो.

"सर, दुसरा माझा होता. आणि त्या दिवशी मी आपल्याशी खोटं बोललो."

माझ्या बाहीवरची एक फीत गेली. पुढच्या बुधवारपासून न पिणाऱ्याला लिंबूपाणी, त्याचा पेग बाटलीतच. पोरं कुरकुरली, "बस्त्यावनं सगळ्यांची वाट लावली यार." लावली तर लावली! आधीच लावायला हवी होती.

मग मुलुंडला गेलो, शंकरच्या बायकोला, सुशीलावहिनींना सांगायला. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "भाऊजी, सुट्टीवर आले की तुमचंच नाव. म्हणायचे, बस्त्याव स्वतःच्या तोंडचं काढून मला देतो."

साहेबांपुढे बोललो ते तिथे बोलता आलं नाही. चहा पिऊन परत आलो.

आमच्या मेलेल्यांच्या दिवशी, नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मी आईबापाच्या कबरीवर मेणबत्त्या लावतो. एक जास्तीची, शंकरची. त्याच सुमाराला दिवाळी असते आणि वहिनींचा फराळाचा डबा येतो. एक वर्ष चुकलेला नाही. यंदा रिकामा डबा द्यायला मी स्वतः जाणार आहे. त्या मगात काय होतं आणि कोणाचं होतं ते सांगणार आहे. पुढच्या दिवाळीला डबा आला नाही तरी चालेल.

चालेल, असं म्हणतोय खरा.